ती रोजच "उपास आहे" म्हणते तेव्हा

मैत्रिणींनो, सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास आपल्या घरांत असतातच. त्यामुळे कुरवंड्यात काय किंवा लोणावळ्याच्या एखाद्या कॉलनीत काय, सोळा वर्षांची मुलगी "मला आज उपास आहे" म्हणाली की कुणी चौकशी करत नाही. उलट शेजारच्या काकू म्हणतात, "अगं बाई, किती छान बारीक झालीस!" पण ती खिचडीही टाळू लागली, पाळी चुकू लागली, जेवण होताच न्हाणीघराची कडी लावून बसू लागली, तर तो उपास नव्हे, दुखणं आहे. डॉक्टर त्याला अ‍ॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया म्हणतात.

भीती फक्त अशक्तपणाची नसते. अनेक पाहण्या एकत्र करून २०११ साली दिसलं, की अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी सुमारे एक आत्महत्येने झाला होता.

स्वभावाचा भाग यात मोठा. नव्वद गुण मिळाले तरी उरलेले दहा कुठे गेले म्हणून रडणारी, चूक स्वतःला कधीच माफ न करणारी मुलगी जपायला हवी. (आम्ही शिक्षिका तिलाच आदर्श म्हणून वर्गापुढे उभी करतो!) दुसरी उतावळी, रागाच्या भरात काहीही करून बसणारी. सोबत उदासपणा असेल तर धोका आणखी वाढतो.

आणि घर? डॉ. विल्यम गल यांनी १८७४ साली लिहिलं, की अशा रुग्णाची शुश्रूषा नातेवाइकांनी करणं सर्वांत वाईट. पुढे कित्येक वर्षं आईलाच दोष मिळाला. मला हे अन्यायाचं वाटतं. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आईवडिलांनाच उपचारात सामील करून घेतलं आणि कोवळ्या वयाच्या मुलींना त्याचा गुण आला. मात्र सततचे टोमणे, वजनावरून थट्टा, "तुझं लग्न कसं व्हायचं" हे सारं मुलीला आणखी एकटं पाडतं. घरात पूर्वी कुणी आत्महत्या केली असेल, तर अधिकच सावध राहा.

"मी तुम्हांला ओझं झालेय" असं ती म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे, स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का गं?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, घरातली औषधं आणि फवारणीची द्रव्यं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, आणि मराठीतून बोलता येतं. पोलिसांच्या धास्तीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नामागे तीव्र ताण होता असंच धरलं जातं, शिक्षा होत नाही.