जयंतीचा राहून गेलेला हिशेब

गेल्या एप्रिलमध्ये डॅलसजवळच्या एका भाड्याच्या सभागृहात आम्ही बाबासाहेबांची जयंती साजरी केली. वंदना, व्याख्यान, मुलांची भाषणे, भोजन, सारे उत्साहात पार पडले. रात्री आवराआवर करताना सभागृह झाडणाऱ्या महिलेशी आमचे बोलणे झाले. दिवसा हॉटेलातील खोल्यांची सफाई, रात्री हे काम, आणि घरी एक शाळकरी मुलगी. तिने आपली ताशी मजुरी सांगितली, तेव्हा आम्हा संगणक अभियंत्यांना काय बोलावे ते सुचेना.

अमेरिकेचे संघीय किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबलेले आहे. अनेक राज्यांनी स्वतःचे अधिक दर ठरविले. टेक्सासने ठरविले नाहीत. या दराने आठवड्याला ४० तास, वर्षाचे सर्व ५२ आठवडे राबल्यास १५,०८० डॉलर मिळतात. दोन माणसांच्या कुटुंबासाठी शासनाचीच २०२४ ची दारिद्र्यरेषा २०,४४० डॉलर होती. म्हणजे पूर्णवेळ कष्ट करूनही ती माय-लेक दारिद्र्यातच राहणार. या दारिद्र्याचे कारण आळस नव्हे, श्रमाला ठरवून दिलेली किंमत आहे.

तरीही आमच्याच बैठकांतून एक वाक्य ऐकू येते: "आपण कष्टाने वर आलो, मग यांना का जमत नाही?" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी आपण आपला इतिहास आठवावा. आमच्यातील कित्येकांच्या आया दुसऱ्यांच्या शेतात निंदणी करीत होत्या. आम्ही शिकलो ते वसतिगृह, राखीव जागा आणि १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांच्या आधाराने. स्वतः बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. कष्ट तर आमच्या आयांनीही केले होते. त्यांना तो आधार मिळाला नव्हता, एवढाच फरक.

तथागतांनी दारिद्र्याचे गोडवे गायिले नाहीत. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात निर्धनांना धन न मिळाल्याने चोरी, चोरीतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या वाढत गेल्याची कथा आहे. आळवी नगरीतील भुकेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घालून मगच तथागतांनी धम्म सांगितला, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. बाबासाहेबांनीही १९३६ साली पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ चालू राहिला तर लोकशाहीच धोक्यात येईल. हा इशारा आज अमेरिकेलाही तितकाच लागू पडतो.

एका जयंतीने ही व्यवस्था बदलणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या उत्सवाचा खर्च आमच्या हातात आहे. म्हणून आम्ही ठरविले आहे: यापुढे सभागृहाचा आणि भोजनाचा करार करण्यापूर्वी वाढणाऱ्या व झाडणाऱ्या हातांना ताशी किती मिळते, हे विचारायचे; ते कमी असेल तर सजावटीचा खर्च कापून फरक आपण भरायचा; आणि भोजनाच्या पंगतीत त्यांनाही सन्मानाने बसवायचे. इतर शहरांतील बांधव-भगिनींनीही हा हिशेब आपल्या समितीपुढे मांडावा, ही विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!