दूध बंद करण्यापूर्वी…

मैत्रिणींनो, आज माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचा मुलगा तिसरीत. एका जागी पाच मिनिटं बसायचा नाही, वही अर्धीच लिहायचा, डबा-पाण्याची बाटली रोज हरवायचा. शाळेतून तक्रारी आणि घरी वडिलांचा मार. "ताई, काहीतरी सांगा हो," म्हणून ती माझ्याकडे आली. मी नुकतंच एक व्याख्यान ऐकलं होतं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "दूध-दही बंद कर, फक्त वनस्पतीजन्य आहार दे. बघ कसा शांत होतो!" घर शुद्ध शाकाहारी, अंडं नाहीच. तिने दूधही थांबवलं.

सहा महिन्यांनी पोर फिकट, दमलेलं, चंचलपणा तसाच. बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ, या वयात ते निदान साडेअकरा हवं. बी-१२ सुद्धा कमी. डॉक्टर म्हणाले, "कमतरता आधीपासूनची असणार, पण बी-१२ मिळण्याची एकच वाट होती, तीही तुम्ही बंद केलीत." मला मान वर करवेना.

तेव्हापासून मी नीट वाचायला लागले. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं, लक्ष टिकवण्यात या रसायनाचा मोठा वाटा असतो. लोह कमी पडलं की मूल चिडचिडं होतं, अभ्यासात मन लागत नाही. आणि आपल्याकडे ही कमतरता घरोघरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची शंभरातली ६७ मुलं रक्तक्षयी आढळली.

म्हणून शाकाहार वाईट का? मुळीच नाही! पण तो पुरा हवा. मटकी, चवळी, हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, अळीव, नाचणी हे सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं. वर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा द्या, लोह चांगलं अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको. या मुलाची न्याहारी रोज चहा-खारीची होती! बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, ताक किंवा अंडं हवं. तेही नको असेल, तर डॉक्टरांना विचारून औषध घ्यायलाच हवं. लोहाच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका.

रंगीत खाऊचंही सांगते. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठाने सुमारे तीनशे मुलांवर प्रयोग केला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेल्या सरबताने मुलांचा चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. २०१० पासून युरोपात त्या रंगांच्या खाऊवर तशी सूचना छापावी लागते. तेव्हा भडक रंगाच्या गोळ्या, पेप्सीकांड्या कमी केल्या तर नुकसान काहीच नाही.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. उपचारांनी त्या मुलाचा थकवा गेला, चेहऱ्यावर तेज आलं, तरी लक्ष लागेना. मग तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, त्याला एडीएचडी म्हणजे अवधान-अस्थिरता आहे. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. आईच्या लाडाने तो होत नाही, नुसत्या आहाराने जातही नाही. त्यासाठी वर्तनोपचार, शाळेची साथ आणि गरज पडली तर औषध लागतं. मुलींमध्ये तर हे लपूनच राहतं. त्या दंगा करत नाहीत, वर्गात हरवल्यासारख्या बसून असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी मोफत होते, त्यात ही तक्रारही येते. आपल्या आशाताईंना विचारा.

तो मुलगा आता पाचवीत आहे. पहिल्या बाकावर बसतो, वही बहुतेक वेळा पुरी करतो. वडिलांचा हात आता उठत नाही. आणि मी? कुणी सल्ला विचारला, तर आधी म्हणते, "चल, डॉक्टरांकडे जाऊ. मी येते सोबत."