वजनकाट्यावरची चाळीस वर्षे

केन टिरेल मूळचे लाकडाचे व्यापारी. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ऑकम गावी त्यांची वखार होती आणि तिच्याच आवारात त्यांच्या फॉर्म्युला वनच्या गाड्या बांधल्या जात. त्यांच्या संघाकडून जॅकी स्टुअर्ट 1969, 1971 आणि 1973 असा तीनदा विश्वविजेता झाला. पण 1984 उजाडले तेव्हा बड्या संघांकडे टर्बो इंजिने होती आणि टिरेल यांच्याकडे जुने कॉसवर्थ. गाडी नुसती पळवून त्यांचा निभाव लागणार नव्हता.

मग त्यांनी वजनात वाट शोधली. किमान वजनाचा नियम 540 किलोचा होता आणि शर्यत संपल्यावर गाडी काट्यावर जायची. टिरेलच्या गाड्या बहुतेक शर्यत हलक्या धावत. शेवटच्या टप्प्यात पिटमध्ये थांबून इंजिनासाठीच्या पाण्याच्या टाकीत पाणी भरले जाई, आणि त्या पाण्याबरोबर शिशाचे छर्रे. काट्यावर वजन पुरेपूर भरे. ही लबाडी होती, त्यात शंका नको. ती एकट्या टिरेल यांची नव्हती, हेही तितकेच खरे. दोनच वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये नेल्सन पिके आणि केके रोझबर्ग हे पहिले दोघे बाद झाले होते, कारण ‘ब्रेक थंड करण्याचे’ पाणी वाटेत सांडून द्यायचे आणि शर्यतीनंतर टाकी पुन्हा भरून घ्यायची, असा त्यांच्या संघांचा शिरस्ता होता.

जून 1984मध्ये डेट्रॉइटला टिरेलचा मार्टिन ब्रंडल दुसरा आला, विजेत्या पिकेच्या जेमतेम सेकंदभर मागे. तपासणीत छर्रे सापडले. इथवर सारे रीतसर होते. डेट्रॉइटचा निकाल गेला असता तर कोणालाही तक्रारीला जागा नव्हती. पुढे जे घडले ते मात्र मला आजही अन्यायाचे वाटते. पाण्यात इंधन मिसळले होते, असा आरोप झाला. अपिलात ते प्रमाण एक टक्क्याच्याही आत असल्याचे दिसून आले, तरी शिक्षा तसूभरही कमी झाली नाही. नीट न बांधलेले वजन, गाडीच्या तळाला असलेली भोके असे मुद्दे पुढे आले आणि टिरेलचे त्या मोसमातले सगळे गुण पुसले गेले. शेवटच्या तीन शर्यतींत उतरायलाही बंदी आली.

याचे कारण काट्यापाशी सापडत नाही. इंधनाची मर्यादा 220 लिटरवरून 195वर आणायचे आधीच ठरलेले होते. टर्बोवाल्यांना ते नको होते. बदल रोखायचा तर सगळ्या संघांचे एकमत लागे, आणि कमी इंधनात भागणाऱ्या टिरेल यांनी मान हलवायला नकार दिला होता. ते बाहेर पडताच एकमत झाले आणि 1985मध्ये 220 लिटर कायम राहिले. ज्यांचा फायदा होणार, त्यांच्याच सोयीची शिक्षा झाली. नियमभंगापेक्षा ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

किंमत मोजली ती टिरेलच्याच स्टेफान बेलोफने. त्याच वर्षी मोनॅकोच्या धो-धो पावसात हा जर्मन मुलगा शेवटच्या, विसाव्या जागेवरून निघून तिसरा आला होता. त्या दिवशी शर्यत मध्येच थांबवली, प्रॉस्ट जिंकला, सेना दुसरा आला, आणि लोक आजही सेनाबद्दलच बोलतात. बेलोफ मागून चढत येत होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात आहे. अधिकृत नोंदीत तर तो तिथे नाहीच. पुढच्याच वर्षी 1 सप्टेंबरला स्पा इथे स्पोर्ट्स कारच्या शर्यतीत तो गेला. वय अवघे सत्तावीस. फॉर्म्युला वनमध्ये पहिल्या तिघांत तो त्या एकाच दिवशी आला होता, आणि तोही दिवस पुसला गेला.

पुढे टिरेल यांनी संघ विकला आणि 1999पासून त्यांच्या जागी बार हा संघ आला. कारखाना वेगळा, माणसे वेगळी, स्पर्धेतली जागा तीच. वजनाचा प्रश्नही जागेबरोबर आला म्हणायचा. 2005मध्ये इमोलाला जेन्सन बटन तिसरा आला. गाडीतले इंधन काढल्यावर ती 600 किलोच्या खाली, 594.6 भरली, कारण मुख्य टाकीच्या आत आणखी एक कप्पा होता. स्टुअर्ड्सनी आधी सोडून दिले, एफआयए या नियामक संघटनेने स्वतः अपील केले आणि संघावर दोन शर्यतींची बंदी आली. ही शिक्षा कडक होती, पण ती दोषाच्या मापाची होती. मोसम पुसला गेला नाही.

बारची होंडा झाली, होंडाची 2009मध्ये ब्रॉन. ब्रॉनच्या दुहेरी डिफ्यूझरवर, म्हणजे गाडीच्या मागच्या तळाच्या रचनेवर, तक्रारी झाल्या, पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्या फेटाळल्या आणि बटन विश्वविजेता झाला. 2010पासून ती जागा मर्सिडीजकडे आहे.

जुलै 2024मध्ये स्पाला मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलने एकाच पिटस्टॉपवर शर्यत काढली आणि जिंकली. डावपेच धाडसाचे होते, ते त्याने शेवटपर्यंत निभावले. तपासणीसाठी 2.8 लिटर इंधन काढल्यावर गाडी भरली 796.5 किलो. हवे होते 798. इतका वेळ एकाच संचावर धावल्याने टायर झिजले, हे एक कारण सांगितले गेले. कोणी फसवले नव्हते, तरी विजय गेला आणि तो मिळाला त्याच संघाच्या लुईस हॅमिल्टनला. अनेकांना हे निर्दय वाटले, मला नाही वाटले. हेतू शोधत बसलात की ज्याचा वकील चांगला त्याचा हेतू शुद्ध ठरतो. दीड किलो हा दीड किलोच असतो, रसेलचा असो की कोणा नवख्याचा. आणि शिक्षा त्या एका शर्यतीपुरती राहिली, रसेलचे बाकीचे गुण जागच्या जागी होते.

तरी मनातून न जाणारी एक गोष्ट 2023च्या ऑस्टिनची आहे. 1994मध्ये सेना आणि राट्झेनबर्गर या चालकांच्या मृत्यूनंतर गाडी जमिनीला फार चिकटू नये म्हणून तळाला फळी लावणे सक्तीचे झाले. ती 10 मिलिमीटर जाड, झीज एकाच मिलिमीटरची चालते. ऑस्टिनचा ट्रॅक खडबडीत, स्प्रिंटचे, म्हणजे जादा छोट्या शर्यतीचे वेळापत्रक, त्यामुळे सरावाचे एकच सत्र आणि मग गाडीची उंची बदलायची सोय नाही. शर्यतीनंतर चार गाड्यांच्या फळ्या मोजल्या. दुसरा आलेला हॅमिल्टन आणि सहावा आलेला शार्ल लक्लेर्क दोघेही बाद झाले. चारांतल्या दोन! बाकीच्या गाड्या मोजल्याच नाहीत. त्यांतल्या कित्येकांची फळी तितकीच झिजली असेल, कोणाला कळणार?

वजन सगळ्यांचे होते, फळी मात्र निवडक जणांची बघतात. शर्यत संपल्यावर सामान विमानात चढवायचे असते, गाडीचा तळ उघडून मोजायला वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. पण गुण दहाच गाड्यांना मिळतात. त्या दहाच्या दहा उघडाव्यात, आणि विमान थोडे उशिरा सुटावे.