चढणीचे मासे: किती धरावेत?

पहिल्या दमदार पावसानंतर मुळशीकडच्या एका ओढ्यावर गेलो होतो. लोक पोत्यांनी मासे भरत होते. बहुतेक मासे गाभोळीने टच्च भरलेले!

हे चढणीचे, म्हणजेच वलगणीचे मासे. ओढ्यांना पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. अरुंद, उथळ पाण्यात ते सहज सापडतात. एक मादी धरली की तिची हजारो अंडीही जातात.

गळकऱ्यांमध्ये एक नियम प्रचलित आहे: लहान सोडा, मोठा ठेवा. तो अर्धाच बरोबर आहे. लहान माशाला एकदा तरी अंडी घालू द्यायला हवीत, हे खरं. पण मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते. म्हणून अनेक देशांत काही माशांसाठी फक्त मधल्या मापाचे ठेवायची मुभा असते, तीही माणशी दिवसाला ठरावीक संख्येत.

महसीर उशिरा वयात येतो, त्यामुळे त्याला उपशाचा फटका जास्त बसतो. कावेरी खोऱ्यातला कुबडाचा महसीर २०१८ पासून आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात महसीरची पिल्लं वाढवून जलाशयांत सोडतात. पण आपण गाभोळीवालेच उचलत राहिलो, तर तेवढ्याने भागणार नाही.

मी पाळतो ते नियम:
🐟 चढणीच्या दिवसांत गळ बंद.
🐟 एका जेवणापुरतेच मासे.
🐟 गळाचा उलटा काटा पकडीने चेपलेला.
🐟 सोडायचा मासा ओल्या हातांनीच धरायचा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर टिकतो.

तुमच्या नदीत कोणते मासे कमी झालेत? काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.