प्रकाश आणि सूक्ष्मजीवांचे हायड्रोजन-उत्पादन

हायड्रोजन जळल्यावर पाणी तयार होते, कार्बन डायऑक्साइड निर्माण होत नाही. म्हणून भावी इंधन या नात्याने त्याचा विचार होतो. काही प्रकाशसंश्लेषी सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशाच्या बळावर हा वायू निर्माण करतात. तेव्हा जेथे ऊन विपुल तेथे हायड्रोजनही विपुल मिळेल, असे अनुमान सहज काढले जाते. प्रत्यक्षात मात्र प्रकाश या प्रक्रियेस पोषक आहे, तसाच मारकही आहे.

हा विरोध हिरव्या शैवलांत सर्वाधिक स्पष्ट दिसतो. हान्स गॅफ्रन व जॅक रुबिन यांनी १९४२ मध्ये सेनेडेस्मस या शैवलातील हायड्रोजन-निर्मितीचे वर्णन केले. प्रकाशामुळे पाण्याचे विघटन होऊन इलेक्ट्रॉन मिळतात आणि हायड्रोजिनेज हे विकर ते प्रोटॉनना देऊन हायड्रोजन घडविते. परंतु त्याच विघटनातून ऑक्सिजन बाहेर पडतो व तो या विकरास निष्क्रिय करतो. त्यामुळे अंधारात ऑक्सिजनविरहित ठेवलेल्या शैवलावर प्रकाश पडताच हायड्रोजन निघू लागतो आणि अल्पावधीतच थांबतो.

या अडचणीवर २००० साली अनास्तासिओस मेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय मांडला. क्लॅमिडोमोनास राइनहार्टी हे शैवल गंधकरहित माध्यमात ठेवले असता प्रकाशामुळे झिजणाऱ्या जलविघटन-यंत्रणेची दुरुस्ती खुंटते. ऑक्सिजनची निर्मिती इतकी घटते की पेशींच्या श्वसनातच तो संपतो. बंद पात्र साधारणतः दिवसभरात ऑक्सिजनविरहित होते आणि नंतर प्रकाशात काही दिवस हायड्रोजन मिळत राहतो. मात्र या काळात पेशींची वाढ थांबते व त्यांचे संचित अन्न खर्च होते.

नील-हरित शैवलांनी हाच पेच निराळ्या रीतीने सोडविला आहे. ॲनाबीनाच्या तंतूतील काही जाड भित्तीच्या पेशी ऑक्सिजन निर्माण करीत नाहीत. त्यांतील नायट्रोजिनेज नायट्रोजन स्थिर करताना हायड्रोजनही बाहेर टाकते. सायनोथीसमध्ये ही विभागणी स्थळाची नसून काळाची असते: दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री नायट्रोजिनेजचे कार्य. येथे प्रकाशाइतकेच अंधारालाही महत्त्व येते.

जांभळ्या जीवाणूंपुढे हा प्रश्न उद्भवत नाही, कारण ते पाण्याचे विघटन करीत नाहीत. रोडोस्पिरिलम रुब्रम प्रकाशात हायड्रोजन निर्माण करतो, हे हॉवर्ड गेस्ट व मार्टिन केमेन यांनी १९४९ मध्ये दाखविले. हे जीवाणू सेंद्रिय आम्लांपासून इलेक्ट्रॉन घेतात व प्रकाशाचा उपयोग ऊर्जेसाठी करतात. शैवलांना न वापरता येणारी ८०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीची अवरक्त किरणे ते शोषतात. सेंद्रिय आम्लयुक्त सांडपाणी त्यांचे खाद्य होऊ शकते. पण ते गडद रंगाचे असल्यास प्रकाशच अडतो.

याशिवाय तीव्रतेचा प्रश्न सर्वांनाच लागू आहे. भर दुपारचे ऊन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद सुमारे २,००० मायक्रोमोल फोटॉन इतके असते. अनेक शैवलांचे प्रकाशसंश्लेषण काही शे मायक्रोमोलवरच संपृक्त होते. वरच्या थरातील पेशी गरजेपेक्षा अधिक प्रकाश शोषून जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतात आणि खालच्या पेशी त्यांच्या सावलीत उपाशी राहतात. उथळ पात्रे, सततचे ढवळणे आणि प्रकाशग्राही रंगद्रव्ये कमी असलेले शैवलप्रकार हे त्यावरील उपाय होत.

भारताने २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. देशाला लाभलेल्या उन्हामुळे सूक्ष्मजीवांच्या मार्गाकडेही लक्ष जाणे स्वाभाविक आहे. तथापि केवळ उन्हाच्या मापावरून उत्पादनाचा अंदाज बांधणे फसवे ठरेल. प्रकाश किती आहे यापेक्षा तो कोणत्या तरंगलांबीचा, किती खोलवर आणि किती काळ पेशींपर्यंत पोहोचतो, यावरच हायड्रोजनचे प्रमाण ठरते.