नेहमीच्या गिऱ्हाइकाची पारख

एखाद्या शहरातील फराळाची दुकाने आणि लहानसहान उपाहारगृहे कशी आहेत, हे दोन प्रकारची माणसे सांगू शकतात. एक, नुकताच तेथे जाऊन आलेला प्रवासी. आणि दुसरे, वर्षानुवर्षे तेथेच खाणारे गिऱ्हाईक. प्रवाशाच्या मतात उत्साह पुष्कळ असतो. पण त्याने तो पदार्थ एकदाच खाल्लेला असतो, आणि बहुधा कडकडून भूक लागलेली असताना. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा उत्साह बेताचा, परंतु अनुभव मोठा. एखादे दुकान एके दिवशी चांगले निघाले, याचे त्याला फारसे कौतुक नसते. रविवारच्या गर्दीत आणि सोमवारच्या सकाळी, ऐन पावसाळ्यात आणि लग्नसराईत तेच दुकान कसे वागते, हे पाहून ते आपले मत ठरविते. असे मत बनते कसे आणि त्याचा उपयोग तो काय, हे पाहावयाचे असेल तर त्यासाठी इंदूरसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

१८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली. दरबाराच्या आश्रयाने येथे मराठी वस्ती वाढली. पोहे, उसळ, साबुदाण्याची खिचडी हे मराठी घरांच्या ओळखीचे पदार्थ येथे माळव्याच्या शेवेशी, जिरावणाशी आणि जिलबीशी नांदू लागले, आणि नांदता नांदता त्यांचे रूप पालटले. महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्याची पहिली फसगत येथेच होते. तो घरचे माप घेऊन जातो आणि ते परक्या ताटाला लावू पाहतो.

पोह्यांचेच पाहावे. आपल्याकडे पोहे कढईत फोडणीवर परततात आणि लगोलग वाढतात. इंदुरी पोहे वाफेवरचे. भिजवून हळद, मिरची, बडीशेप लावलेले पोहे मोठ्या परातीत रचतात. ती परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात. त्यामुळे तेल कमी लागते आणि पोहे पहाटेपासून दुपारपर्यंत ऊन व मऊ राहतात. वर शेव, कांदा, लिंबू आणि जिरावण, शेजारी जिलबी. पाहुण्याला ते फिके वाटतात. जाणत्या इंदूरकराची परीक्षा निराळीच असते. सात वाजताची पहिली बशी सर्वांचीच चांगली असते, हे तो जाणतो. तो पाहतो ती अकरा वाजताची बशी: परातीच्या कडेचे पोहे वाळले आहेत काय, खालचे पाणी आटले की ओतले जाते काय, आणि दुकानदार जिरावणाचा हात अवाजवी सैल तर सोडीत नाही ना. भाजलेल्या जिऱ्या-धण्यांत आमचूर, हिंग, काळे मीठ कालवून केलेला हा मसाला चव खुलवितो, तसाच शिळेपणाही झाकतो. जिलबीलाही हाच न्याय. आंबविलेल्या पिठाची किंचित आंबट चव पाकाच्या गोडीखाली लागली पाहिजे. नुसती गोड जिलबी ही घाईची जिलबी.

सकाळचा न्याय पोह्यांवर, तर रात्रीचा सराफ्यात. राजवाड्याजवळच्या या पेठेत दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्यांची दारे बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांवर व पुढच्या रस्त्यावर चुली पेटतात. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी हलत नाही. रात्रीच्या या वर्दळीमुळे बंद पेढ्यांची आपोआप राखण होई, म्हणून सराफांनीच तिला आश्रय दिला, असे सांगतात.

येथे नवखा मनुष्य डोळ्यांनी खातो. दहीवड्याचा द्रोण हवेत उंच फेकून झेलण्याची करामत तो पाहत राहतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाचे लक्ष द्रोण खाली आल्यानंतर सुरू होते: वडा आतपर्यंत भिजला आहे काय, दही गोड आहे की दुपारचे आंबलेले? शिकंजी मागविली म्हणजे नवखा लिंबाच्या सरबताची वाट पाहतो, आणि हाती येते ते सुक्या मेव्याचे दाट, गार दूध. अनुभवी मनुष्य एक पेला दोघांत घेतो, कारण पुढे अजून साबुदाण्याची खिचडी आणि खोपरा पॅटिस आहे, हे त्याला ठाऊक असते. ही खिचडीही वाफेवर ऊन ठेवलेली आणि मागणीप्रमाणे पुढ्यात मसाला कालवून दिलेली असते. मसाला कालवणारा गिऱ्हाइकाला विचारतो की आपल्याच तंद्रीत कालवितो, यावरूनही दुकानाची प्रत कळते.

पण सर्वांत कठीण कसोटी ऋतूची. गराडू हा कंद हिवाळ्यातला. त्याच्या फोडी आधी तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा कडक तळून, वर लिंबू पिळून आणि मसाला भुरभुरून देतात. आत मऊ, बाहेर खरपूस, ही त्याची खूण. दुसऱ्या तळणीचे तेल जुने असेल तर पहिल्याच घासाला ते घशाशी लागते. भुट्ट्याचा कीस हा पावसाळ्यातल्या कोवळ्या कणसांचा: किसलेले दाणे तुपावर परतून, दुधात शिजवून, मिरची-मोहरीची फोडणी दिलेले. आता गोड जातीचे मके बारमाही मिळू लागले, तेव्हा कीसही बारमाही झाला आणि पुष्कळ ठिकाणी गुळचट झाला. जो दुकानदार अवेळी आलेल्या ओळखीच्या माणसाला ‘आज हे घेऊ नका’ असे सांगतो, त्याच्या शब्दावर ते गिऱ्हाईक पुढे वर्षभर विश्वास ठेवते.

नेहमीच्या गिऱ्हाइकाचे मत निर्दोष असते, असे मात्र समजू नये. सवय हा त्याचा मोठा दोष. बालपणी ज्या दुकानात वडिलांचे बोट धरून गेलो, त्याची कळकट फळीही त्याला प्रिय असते. नवे दुकान कितीही चांगले असो, ‘पूर्वीची सर नाही’ हा निकाल आधीच लिहिलेला असतो. शिवाय, जिभेला चव कळते. पाणी शुद्ध आहे की नाही, हे कळत नाही. त्यासाठी तपासणीच हवी. दिवसाच्या गाठीभेटींची व फराळाची जागा असलेल्या छप्पन दुकान या बाजाराला २०१९ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ पथखाद्य केंद्राचा दर्जा दिला, आणि त्यानंतर तो रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधून काढण्यात आला. जुने लोक नव्या फरश्यांना नाके मुरडोत, पण हात धुण्याची सोय ही कोणत्याही चटणीइतकीच महत्त्वाची आहे.

तरीही तपासनीस जे करू शकत नाही, ते हे गिऱ्हाईक करते. ते उद्या पुन्हा येणार असते, आणि दुकानदाराला ते माहीत असते. आज पोहे वाळके निघाले, तर उद्या ते समोरच्या परातीकडे वळेल. एवढ्या एका धाकावर लहान दुकानाचा प्रामाणिकपणा टिकून राहतो. जेथे गर्दी एकदाच येणाऱ्यांची असते, तेथे हा धाक उरत नाही. जे पुन्हा येणारच नाहीत, त्यांना गमावण्याचे भय कसले? मग चवीपेक्षा देखावा वाढतो, आणि ऋतू पाहण्याचे कारणच उरत नाही.

सराफ्यापुढे आज हाच प्रश्न उभा आहे. इंदूरची कीर्ती पसरली, पाहुणे वाढले, त्यांच्यामागून दुकाने वाढली. चिंचोळ्या गल्ल्यांत गॅसच्या टाक्या आल्या आणि गराडूच्या शेजारी मोमो व नूडल्स येऊन बसले. आगीच्या भयाने सराफ व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या, आणि पारंपरिक पदार्थांची दुकाने तेवढी ठेवावीत, असा विचार पुढे आला. सुरक्षिततेचा बंदोबस्त झालाच पाहिजे. त्यात दुमत नाही. परंतु कोणता पदार्थ पारंपरिक, याची यादी करून परंपरा राखली जात नाही. यादीत गराडूचे नाव राहील आणि तेल मात्र जुने राहील, असे होऊ शकते. ते तेल ओळखणारा, नापसंती दाखवून उठून जाणारा आणि बदलले म्हणजे परत येणारा इंदूरकर तेथे रात्री येत राहिला पाहिजे. गर्दीला कंटाळून तो घरी बसला, तर दुकाने राहतील, नावे राहतील. त्यांची परीक्षा घेणारा मात्र राहणार नाही.