तडे जायलाच हवेत!

भिंतीच्या रंगाला तडा गेला की आपण रंगाऱ्याला फोन करतो. मी मात्र रविवारी सकाळी रंगाला तडे जाण्याची वाट बघत बसतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहणार म्हापसा. सुट्टीच्या दिवशी घरी लाकडी ल्युअर बनवतो. ल्युअर म्हणजे मासे गरवायला वापरायचा नकली मासा. त्याच्या पाठीवर तड्यांचं जाळं मुद्दाम पाडतात, त्याला क्रॅकल फिनिश म्हणतात. आजचा लेख त्याबद्दल.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डोवाजियाक गावी जेम्स हेडन नावाचे मधमाश्या पाळणारे गृहस्थ होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लाकडी ल्युअरची कंपनी काढली. त्या काळातल्या अमेरिकन ल्युअरवर तडकलेल्या हिरव्या रंगाची पाठ असायची आणि जुन्या वस्तू जमवणारे ती आजही शोधतात. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी तर १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा थर दिला. म्हणजे महागडं सामान नसलं तरी अडत नाही.

तडे पडतात कसे? पाणी आटलेलं खाजन शेत आठवा. वरचा चिखल आधी वाळतो आणि आकसतो. खालचा अजून ओला असतो, तो आकसत नाही. या ओढाताणीत वरचा थर फाटतो. थर जाड असेल तर मोठी ढेकळं, पातळ असेल तर बारीक जाळी. रंगाचंही अगदी हेच आहे.

मी पांगाऱ्याचं लाकूड वापरतो. हलकं असतं, चाकूने सहज कोरता येतं. साधारण १० सेंटिमीटरचा मासा कोरून, पॉलिश पेपरने घासून, पोटात शिशाचं वजन बसवतो. तो बादलीत सरळ तरंगतो ना हे रंगाआधीच बघायचं. मग लाकडाला वॉर्निश, त्यावर पांढरा प्रायमर आणि त्यावर खालचा रंग. तड्यांतून दिसणार तो हाच, म्हणून सोनेरी किंवा पिवळा. तो रात्रभर वाळू द्यायचा.

दुसऱ्या दिवशी पाठीवर फेविकॉलचा सारखा थर लावायचा. बोट लावल्यावर चिकट लागेल, पण बोटाला लागून येणार नाही, अशा वेळी वर गडद हिरवा ॲक्रिलिक रंग द्यायचा. त्यातल्या पाण्याने खालचा गोंद पुन्हा मऊ होतो आणि वरचा रंग त्यावर सरकू लागतो. लगेच हेअर ड्रायर फिरवला की दोन-तीन मिनिटांत तडे उमटायला लागतात. ब्रश एका दिशेने ओढला तर तडे त्याच दिशेने लांब पडतात. स्पंजने टिपत रंग दिला तर चहूबाजूंनी जाळं होतं. एक नियम मात्र पक्का: एकदा रंग लावलेल्या जागी परत हात फिरवायचा नाही. फिरवला की गोंद वर येतो आणि सगळा लगदा होतो. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की वरचा रंग लवकर वाळत नाही आणि तडे नीट पडत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

आमच्या घरी स्पंजचं काम बाबांकडे आहे. त्यांनी आयुष्यभर शापोरा नदीवर गरी टाकून मासे पकडले. तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. हळूहळू गरी बांधणं सुटलं, मग नदीवर जाणंही सुटलं आणि ते दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. आधी मी ल्युअरवर बारीक ब्रशने खवले काढायचो. त्यात त्यांना मदत करता येईना, म्हणून ते जवळही यायचे नाहीत. स्पंजला मात्र स्थिर हात लागत नाही. पहिल्यांदा पाठ टिपून झाल्यावर ते म्हणाले, "हात थरथरतो तेच बरं आहे रे, एका जागी दोनदा पडत नाही." कंपवात त्यामुळे बरा होत नाही, औषधं चालूच आहेत. पण रविवारी सकाळी टीव्ही बंद असतो आणि कुठल्या वळणावर तांबोशी लागते, ओहोटीला कुठे उभं राहायचं, हे सगळं मला आता कळू लागलंय. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

तडे पडल्यावर एक दिवस वाळू द्यायचं आणि मग दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी लावायचं. फेविकॉल पाण्यात टिकत नाही. इपॉक्सीत टाचणीएवढं भोक राहिलं तरी पाणी आत शिरतं, गोंद पांढरा पडतो आणि रंग सुटतो. विशेषतः गळाच्या कड्या लाकडात शिरतात तिथे नीट बघायचं. इपॉक्सी ओघळू नये म्हणून ल्युअर सावकाश फिरत ठेवावा लागतो. त्यासाठी मी जुन्या मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर बाहेर काढून वापरली आहे. मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका, त्यातला कपॅसिटर धोकादायक असतो. सुटी मोटर दुकानात मिळते. इपॉक्सीसाठी हातमोजे हवेत आणि खिडकी उघडी हवी. गळ अगदी शेवटी लावायचे, घरात लहान मुलं असतील तर ते डबीतच बरे.

आता खरा प्रश्न: माशाला हे तडे आवडतात का? चोणक, म्हणजे महाराष्ट्रातला जिताडा, खाडीत दबा धरून बसतो आणि बहुतेक वेळा हालचाल बघून झेपावतो. त्यामुळे ल्युअर पाण्यात कसा डुलतो हे रंगापेक्षा महत्त्वाचं. तडे आहेत ते आपल्यासाठी. आणि कुठल्याही दोन ल्युअरचं जाळं सारखं येत नाही, त्यामुळे बाबा आपला ल्युअर डब्यात लांबूनही ओळखतात.

थंडीत एकदा नक्की करून बघा. मासेमारीत रस नसेल तर जुन्या लाकडी डब्यावर करा, कृती तीच. आणि स्पंज घरातल्या मोठ्यांच्या हातात द्या.